वाचक विचारतात : कोयनेच्या पाण्यापलीकडचं जंगल

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिम काठावर जंगल आहे आणि साताऱ्याकडून तिथं जायला बोटीशिवाय वाट नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोकणात तुटलेले कडे, त्यामुळे एखाद्या बेटासारखाच तो मुलूख आहे. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांत बोट, गड, तंबू आणि वाघ हे सगळं एकाच ठिकाणी, एकाच सुट्टीत मिळेल असं गृहीत धरलेलं दिसलं. तसं ते मिळत नाही. कुठे काय मिळतं, ते नीट समजून घेतलं तर मात्र कुणाचाही हिरमोड होणार नाही.

प्रश्न : आम्ही सातजण डिसेंबरात बामणोलीहून वासोट्याला जाणार आहोत. गडावर रात्री मुक्काम करता येतो का? परवानगी कुठे काढायची? नागेश्वरची गुहाही त्याच दिवशी होईल का? – एक वाचक, मिरज

मुक्काम करता येत नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं आणि २०१० पासून चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. दिवसा जायचं आणि उजेड आहे तोवर परत पाण्यावर यायचं, हाच तिथला नियम आहे. जुन्या मंडळींकडून गडावरच्या मुक्कामाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. त्या जुन्या काळातल्या आहेत.

परवानगी बामणोलीतच वन विभागाकडे काढायची. सगळ्यांची नावं, वयं आणि पत्ते एका कागदावर आधीच लिहून न्या, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. शुल्क भरून पावती घ्या, मग बोट क्लबच्या खिडकीवर जाऊन बोट ठरवा. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. त्यामुळे सातजणांनी काठावर आणखी चार-पाच जणांचा गट शोधला तर खर्च बराच खाली येतो. फक्त त्या गटाचा चालण्याचा वेग तुमच्याएवढा आहे का, ते आधी विचारून घ्या. दोन्ही गट परत आल्याशिवाय बोट सुटणार नाही. पैसे रोख न्या. रेंज जाते आणि मोबाइलवरून पैसे भरणं तिथंच अडतं.

आता वेळेचं गणित. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली चाळीस किलोमीटरच्या आत आहे, पण घाटरस्ता आहे, सव्वा ते दीड तास धरा. पहाटे पावणेसहाला निघालात तर सव्वासातला बामणोलीत पोचाल. चहा, कागदपत्रं, लाइफ जॅकेट हे उरकून साडेआठला बोट सुटली असं समजू. गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीच्या काठाला लागायला बोटीच्या इंजिनानुसार एक ते दीड तास लागतो. म्हणजे चालायला सुरुवात होईपर्यंत दहा वाजतात. वर जायला दोन ते अडीच तास, गडावर तास-सव्वा तास, उतरायला दीड तास. तीन-साडेतीनला तुम्ही बोटीपाशी असायला हवं. या हिशेबात सैल असा एकच तास आहे, आणि तोही बहुतेक गट बामणोलीतच पोहे खाण्यात घालवतात. नाष्टा बोटीत करा.

चढाचा अंदाज असा घ्या. जलाशयाची पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे आणि गडमाथा ११७० मीटरच्या आसपास. म्हणजे सरळ पाचशे मीटरची उभी चढण. सुरुवातीला ओढा आणि मारुतीच्या मूर्तीपर्यंत वाट सौम्य आहे, त्यानंतर दाट झाडीतून चढच चढ. झाडीमुळे ऊन लागत नाही, पण वाराही लागत नाही. घाम खूप येतो आणि तहान उशिरा जाणवते. माणशी तीन लिटर पाणी न्या, त्यातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबू घातलेलं असू द्या. वर टाकी आहेत, तरी त्यांच्या भरवशावर निघू नका.

माथ्याजवळ वाट फुटते. उजवीकडची वासोट्याला जाते, डावीकडची नागेश्वरला. दोन्ही एका दिवसात करणारे गट आहेत, पण ते पहिल्या बोटीने निघतात, सगळे सारखे चालणारे असतात आणि गडावर अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबत नाहीत. सातजणांत एकाचा जरी गुडघा दुखत असेल तर नागेश्वर सोडा. गडावर बाबू कड्याला वेळ द्या, तिथून समोर जुना वासोटा दिसतो. कड्याच्या तोंडाशी वाळलेलं गवत घसरडं असतं. पाय निसटण्याचे प्रसंग बहुधा तिथेच येतात, चढणीवर नाही.

प्लास्टिकबद्दल एक सांगतो. मेट इंदवलीला वनरक्षक पिशव्या तपासतात, बाटल्या आणि वेष्टनं मोजून अनामत घेतात आणि परत येताना मोजणी जुळली तरच ती परत देतात. हा जाच वाटत असेल तर एवढंच बघा, की इतक्या गर्दीनंतरही ती वाट आज स्वच्छ आहे. स्टीलची बाटली आणि डब्यातलं जेवण नेलं की तपासणी दोन मिनिटांत होते.

प्रश्न : सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. गडावर जायचं नाही, फक्त बोटीतून फिरायचं आहे. बोटी सुरक्षित असतात का? – एक वाचक, विटा

फिरायला बामणोली आणि तापोळा दोन्ही चांगली. कोयना, सोळशी आणि कांदाटी यांचा संगम दोन्हीकडून बोटीने बघता येतो, आणि एक-दीड तासाची फेरी लहान मुलाला पुरेशी होते. सकाळी दहाच्या आत निघा. दुपारनंतर खोऱ्यात वारा वाढतो, पाण्यावर आडव्या लाटा उठतात आणि पुढे बसलेले सगळे भिजतात. मार्चनंतर वळवाचे ढग जमताना दिसले तर फेरी सरळ रद्द करा.

बोटीची सुरक्षितता निम्मी जॅकेटवर आहे. जॅकेट अंगात घातलं म्हणजे झालं असं नसतं. आतल्या पट्टीवर किती किलो वजनासाठी ते आहे हे लिहिलेलं असतं, ते वाचा. सगळी बकलं लावून पट्टे ओढून घट्ट करा. मग दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर उचलायचं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप चुकलं. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घालणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे. मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं. मुलाच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून येणारा पट्टा हवा. तसं जॅकेट बामणोलीत मिळेलच असं धरून चालू नका. वर्षातून दोनदा जरी पाण्यावर जाणार असाल तर ते विकत घ्या. फोम दाबून बघा. दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर तो फोम मेलेला आहे, दुसरं जॅकेट मागा.

सासूबाईंना मधल्या बाकावर बसवा. पुढच्या टोकाला हादरे जास्त बसतात आणि मागे इंजिनाचा धूर येतो. चढताना एकेकाने चढायचं, पाय बोटीच्या मधोमध टाकायचा. काठावरचा ओला गाळ साबणासारखा असतो, चपलेऐवजी पट्ट्याची सँडल घाला. सेल्फीसाठी सगळे एका अंगाला उभे राहिले की बोट कलते. नावाडी ओरडतो तेव्हा त्याचं ऐका. पाठीवरची सॅक बोटीत काढून ठेवा, निदान तिचा कमरेचा पट्टा लावू नका.

प्रश्न : जलाशयाच्या काठावर स्वतःचा तंबू लावायचा आहे. जागा कशी निवडावी? मागच्या वेळी सकाळी तंबूत सगळं ओलं झालं होतं. – एक वाचक, कराड

आधी काठ कोणता ते बघा. पश्चिमेकडचा काठ अभयारण्याचा, तिथे तंबू लावणं गुन्हा आहे. तंबू लावायचा तो अलीकडच्या काठाला, बामणोली, शेंबडी किंवा तापोळ्याच्या बाजूला, गावकऱ्यांच्या मालकीच्या शेतात आणि त्यांना विचारून. बऱ्याच शेतकऱ्यांनी त्यासाठी जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. तिथे संडास असतो, भाकरी-पिठलं मिळतं आणि रात्री काही झालंच तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. कुणालाही न विचारता एखाद्या सुनसान टोकावर तंबू ठोकण्यात काही मर्दुमकी नाही.

जागा पाण्यापासून निदान शंभर फूट लांब आणि माणसाच्या उंचीएवढी तरी वर हवी. काठाजवळचा सपाट, मऊ, हिरवळ आलेला पट्टा डोळ्यांना छान दिसतो, पण तो पाणी ओसरून उघडा पडलेला गाळ असतो. त्यात खुंट्या धरत नाहीत, रात्री तिथेच सगळ्यात जास्त थंडी आणि दव साचतं. पाण्यावर येणाऱ्या जनावरांची वाटही तीच. थोडं वर, उताराच्या मध्यावर आलेली एखादी ताल, म्हणजे पायरीसारखी सपाट पट्टी बघा. मोठ्या झाडाच्या थेट खाली नको, वाळकी फांदी वाऱ्याने कधीही खाली येते. वाळलेल्या ओढ्याच्या पात्रात तर कधीच नको.

कोयनेकाठची माती पावसानंतर महिना-दोन महिन्यांत दगडासारखी होते. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या वाकतात. आठ-नऊ इंची लोखंडी खिळे आणि एक लहान हातोडा न्या. जिथे जांभा उघडा असेल तिथे खिळा ठोकण्याच्या फंदात पडू नका, दोरी नारळाएवढ्या दगडाला बांधून त्यावर दुसरा मोठा दगड ठेवा. रात्री थंड हवा डोंगरावरून पाण्याकडे उतरते, म्हणून तंबूचं तोंड डोंगराकडे ठेवू नका.

ओलाव्याचं कारण बहुधा बाहेरचं दव नव्हतं. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, बाहेर पारा खाली येतो आणि तो दमटपणा कापडाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन बसतो. एकपदरी तंबूत हे टळत नाही. दुपदरी तंबू घ्या. वरचं कापड आतल्या कापडाला चिकटू देऊ नका, चिकटलं की तिथूनच पाणी झिरपतं. थंडी वाजते म्हणून खिडक्या बंद करण्याचा मोह होतो. वरची झरोक्याची फट उघडीच ठेवा आणि थंडीसाठी खाली जाड पथारी घाला, कारण गारठा जमिनीतून जास्त येतो. ओले बूट आणि टॉवेल आत घेऊ नका. खाली टाकायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा दोन बोटं लहान हवी. ती बाहेर डोकावली की वरून ओघळणारं दव तिच्यावर पडून तळाखाली जातं.

तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कोळशाची शेगडी तर नकोच नको. बंद तंबूत तिच्या विषारी वायूने झोपेतच जीव जातो. शेकोटी शेतमालक सांगेल त्याच जागी करा, आणि विझवताना माती न टाकता पाणी ओता. मातीखाली निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. उरलेलं अन्न बंद डब्यात ठेवा. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.

पोहण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी हे लिहिणं गरजेचं वाटतं. हा तलाव नव्हे, बुडालेलं खोरं आहे. १९६४ च्या सुमारास धरण पुरं झालं आणि पाण्याखाली शेतं गेली. त्या शेतांचे बांध आणि ताली आजही खाली आहेत. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढचं पाऊल टाकतो आणि ताल संपते, खाली पुरुषभर पाणी असतं. त्यात गाळाने पाय धरला की चांगला पोहणाराही घाबरतो. दारू प्यायलेल्या माणसाला तर पाण्याच्या जवळपासही जाऊ देऊ नका. आंघोळ बादलीने, काठावर.

प्रश्न : वाघ बघायचा असेल तर कोयना बरं की चांदोली? – एक वाचक, सांगली

वाघ बघायचाच असेल तर ताडोबाला जा. सह्याद्रीत वाघ आहेत, कॅमेरा सापळ्यांत त्यांची छायाचित्रं आली आहेत आणि २०२५ मध्ये ताडोबाकडून वाघीण आणून इथे सोडण्याचं कामही सुरू झालं. पण सुमारे ११६५ चौरस किलोमीटरच्या डोंगराळ, दाट जंगलात मोजकेच वाघ असतील तर ते पर्यटकाच्या गाडीसमोर यायचे नाहीत. त्यांच्यासाठी आधी खाद्य वाढवावं लागलं, सागरेश्वरातून चितळ आणून चांदोलीत सोडावे लागले. हे काम सावकाश फळाला येणारं आहे, आणि त्याला गर्दीपेक्षा शांतता जास्त हवी.

गवा, सांबर, भेकर, शेकरू, रानकुत्री आणि पक्षी यांच्यासाठी मात्र चांदोली उत्तम. सांगलीहून शिराळा, कोकरूड, आरळामार्गे वारणावतीला जायचं. परवाना तिथे काढायचा आणि आत गाडीने, वाटाड्या घेऊनच फिरायचं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा त्याला २००४ मध्ये मिळाला. झोळंबीचा सडा चुकवू नका. हा जांभ्याचा उघडा माळ आहे, कडेला जंगल आणि मध्ये गवत. त्यामुळे गवे बाहेर आले तर लांबूनही दिसतात. पहाटेची पहिली गाडी घ्या. दहानंतर गवे सावलीत जातात आणि उरतात ती फक्त शेणाची चकत्यांसारखी वर्तुळं.

वासोट्याच्या वाटेवर प्राणी दिसणं अवघड, कारण तुम्ही चालता त्या वेळेत शंभर माणसं चालत असतात. तिथे कान वापरा. सकाळी ओढ्याकाठी शीळकरी कस्तूराची शीळ ऐकू येते, अगदी माणसाने वाजवल्यासारखी. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं. झाडाच्या सालीवर उभे, समांतर ओरखडे असतील तर बिबट्या किंवा अस्वल.

लहान मुलांना प्राणी दाखवायचेच असतील तर सागरेश्वर अभयारण्य आहेच. धों. म. मोहिते यांनी उजाड डोंगरावर झाडं उभी करून ते जंगल घडवलं. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण चितळ, सांबर तिथे दिसतात.

प्रश्न : थंडीत शिवसागरवर बदकं किती असतात? – एक वाचक, फलटण

फार नसतात. बदकांना उथळ पाणी आणि पाणवनस्पती लागतात, इथे काठ उतरते आणि पाणी खोल. पाणकावळे, बगळे, खंड्या, नदीसुरय आणि थंडीत एखादी मीनघार एवढं दिसेल. तुमच्या बाजूला मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी हे तलाव आहेत. बदकांसाठी तिकडेच जा, पाणी असेल त्या वर्षी रोहितही (फ्लेमिंगो) उतरतात.

प्रश्न : फुगवायची कयाक घेतली आहे. ती शिवसागरात घालता येईल का? – एक वाचक, वाई

स्वतःच्या मर्जीने नको. धरणाच्या भिंतीकडचा पट्टा प्रतिबंधित आहे आणि पश्चिम काठाला परवान्याशिवाय उतरणं गुन्हा आहे. वारा सुटला की हलकी कयाक नेमकी नको त्या काठाला जाऊन लागते. मुनावळ्याला पर्यटन महामंडळाचं जलक्रीडा केंद्र आहे. तिथे प्रशिक्षक आणि बचावाची बोट असते, वल्हवण्याची हौस तिथे भागवा.

प्रश्न : साप, अस्वल, मधमाश्या यांपैकी खरी भीती कशाची? – एक वाचक, तासगाव

मधमाश्यांची. कड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि एका माणसाच्या चुकीची शिक्षा सगळ्या वाटेला मिळते. अत्तर, डिओडरंट लावून जाऊ नका. कड्यापाशी धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर हात झाडू नका, डोकं-तोंड कापडात गुंडाळा आणि दाट झाडीकडे चालू लागा. काटा चिमटीत न पकडता नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. ओठ किंवा गळा सुजला, दम लागला, तर वाट न बघता बोटीकडे निघा.

अस्वल मार्च ते मे या काळात जांभळं-करवंदांवर असतं. त्याला कमी दिसतं, म्हणून वळणावर अचानक समोरासमोर आलं की ते घाबरून अंगावर येतं. वळणांवर बोलत चाला, एकत्र चाला. दिसलंच तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. एकटा गवा दिसला तर पन्नास पावलं लांब राहा. तो आणि झाडी यांच्या मध्ये उभे राहू नका.

साप चावला तर चिरा देणं, आवळपट्टी बांधणं, चोखणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय मोडला आहे असं समजून काठीला बांधा, अंगठ्या-घड्याळ काढा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. रेंज येताच १०८ लावा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांसाठी असतं. झाडीतला हिरवा चापडा त्यात येत नाही. त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि वेदना भयंकर, दवाखाना हवाच. फांदी धरण्याआधी तिच्याकडे बघा, हा साप पानांत पानासारखा बसतो.

प्रश्न : कासची फुलं आणि वासोटा एकाच फेरीत होतील का? नाहीतर मेमध्ये गेलो तर? – एक वाचक, सातारा

कासचा बहर ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. वासोटा पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतो. त्यामुळे दोन्ही एकत्र जमत नाहीत. शिवाय फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते, बामणोलीला पोचण्याची वेळ सांगता येत नाही.

मेमध्ये जाता येतं. पण पोफळीच्या वीजगृहाला आणि खाली शेतीला पाणी देऊन तोवर जलाशय बराच उतरलेला असतो. बोट नेहमीच्या धक्क्याला न लागता खूप खाली लागते, दोन्ही काठांना गाळातून आणि दगडांतून जास्तीची चाल पडते, आणि ती भर दुपारी परतताना उन्हात चढायची असते. वर सांगितलेल्या वेळापत्रकात त्यासाठी पाऊण तास वाढवा आणि पाणी चार लिटर न्या. जमत असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा डिसेंबरातला मधला वार धरा. पाणी वरपर्यंत असतं, ओढे वाहते असतात आणि बोटीला रांग नसते.